‘तपासणी झालेलं’ घर घेतलं, आणि पहिल्याच पावसात छत उघडं पडलं

मे २०२३ मध्ये आम्ही कर्वेनगरला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. इमारत १९९१ सालची, फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. यांच्या पीएफचे पैसे आणि वर कर्ज. इमारत जुनी म्हणून मनात धाकधूक होतीच, आणि एजंटनं ती बरोबर हेरली. दुसऱ्याच भेटीत त्यानं स्पायरल बाइंडिंग केलेला २२ पानांचा रंगीत रिपोर्ट पुढे ठेवला. "काकू, जुनं घर म्हणूनच मी होम इन्स्पेक्शन करून घेतलंय. फी पण मीच भरली. तुम्हाला एक रुपया नाही." पानोपानी फोटो आणि त्यांच्यापुढे हिरव्या खुणा. छत ठीक, प्लंबिंग ठीक, वायरिंग ठीक. आम्ही त्याच आठवड्यात टोकन दिलं.

त्या रिपोर्टमुळे आमचं काय झालं ते सविस्तर लिहिते आहे. पुण्यात आता रिसेलच्या व्यवहारात असे रिपोर्ट सर्रास दाखवले जातात, आणि समोर छापील कागद आला की आपण प्रश्न विचारायचं थांबतो.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला. तिसऱ्या रात्री बेडरूमच्या फॉल्स सीलिंगच्या पट्टीतून उशीवर थेंब पडायला लागले. पाणी तांबूस होतं. सकाळी पीओपीवाल्याला बोलावलं, त्यानं एक बोर्ड उतरवला, तर बोर्डासोबत काँक्रीटचा तळहाताएवढा तुकडा खाली आला. तो आधीच निखळून बोर्डावर पडून होता. वर बॅटरी मारली तेव्हा स्लॅबच्या सळ्या उघड्या दिसल्या. गंज खारीच्या पापुद्र्यांसारखा सुटत होता, बोट लावलं की चुरा हातात. आणि ज्या जिप्सम बोर्डानं हे झाकलं होतं, त्याच्या पाठीवर उत्पादनाचा महिना छापलेला होता: मार्च २०२३. आम्ही घर बघायला गेलो त्याच्या जेमतेम महिनाभर आधीचा. तो बोर्ड मी जपून ठेवला आहे.

मग रिपोर्ट पुन्हा काढला. या वेळी एकेक फोटो घेऊन त्या त्या खोलीत जाऊन उभी राहिले. बाथरूमच्या फोटोत खिडकीच्या जागी गोल एक्झॉस्ट फॅन होता. आमच्या बाथरूमला काचेच्या पट्ट्यांची खिडकी आहे, फॅन कधीच नव्हता. म्हणजे तो फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी घराचा. स्वयंपाकघराच्या फोटोतला ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, आमचा कडाप्प्याचा. रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी तो घेऊन घरातून एक चक्कर मारली असती तर हे सगळं पाच मिनिटांत कळलं असतं.

शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही तपासणी फक्त दिसणाऱ्या आणि हात पोहोचेल अशा भागांपुरती आहे, फॉल्स सीलिंगच्या मागचा भाग तिच्यात धरलेला नाही. ही अट प्रामाणिक तपासनीसही घालतो, कारण दुसऱ्याचं छत तो फोडू शकत नाही. पण तो ते आधी तोंडानं सांगतो, आणि मालकाची परवानगी घेऊन दिव्याची खाच तरी उघडून बघतो. रिपोर्टवरच्या नंबरवर फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, आमचे क्लायंट एजंट होते, तुम्ही नव्हता." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. फी ज्यानं भरली, रिपोर्ट त्याचा.

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांकडे गेले. त्यांनी शांतपणे कपाटातून फाइल काढली. २०२१ मध्ये झालेलं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी! त्यात गच्चीचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा वरचा थर, तडकला आहे आणि आमच्याच बेडरूमवरच्या स्लॅबची दुरुस्ती तातडीनं करावी, असं स्पष्ट लिहिलेलं. "तुम्ही मागितलं असतं तर दिलं असतं," काका म्हणाले. त्यांच्यावर राग नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी करायला सांगितलं आहे. म्हणजे जुन्या इमारतीत असा कागद असायलाच हवा. ना-हरकत पत्रासाठी आपण सोसायटीत दहा खेपा घालतो, पण हा कागद मागायचं कुणी सांगत नाही. एजंट तर नाहीच.

नंतर आम्ही स्वतः शोधलेल्या इंजिनिअरनं दिवसभर घर तपासलं. काँक्रीट मुळात सळईला गंजण्यापासून वाचवतं. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो आणि हे संरक्षण जातं. वरून गच्चीचं पाणी झिरपलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, आणि आतून फुगून काँक्रीट फोडतो. म्हणून नुसता रंग किंवा पीओपी करून उपयोग नसतो. ओल मोजायचं यंत्र त्यांनी भिंतीला लावलं, तेव्हा नव्या रंगाखाली खिडकीभोवतीही ओल सापडली. पाण्याचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून इतके गंजले होते की स्वयंपाकघरातला नळ सोडला की बाथरूममधली धार बारीक व्हायची. तीन पिनांच्या प्लगला अर्थिंगची वायरच नव्हती, तिसरं भोक नुसतं शोभेचं. गिझर आम्ही दोन महिने तसाच वापरत होतो, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

दुरुस्तीला पावणेपाच लाख लागले. स्लॅबखाली टेकू लावून काम चाललं आणि आम्ही सहा आठवडे नणंदेकडे राहिलो. वकिलांनी मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधलं कलम ५५ दाखवलं. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा मोठा दोष त्यानं सांगायलाच हवा, असं त्यात आहे. तो बोर्ड आणि ऑडिटची प्रत पुढे ठेवल्यावर आधीच्या मालकानं दीड लाख दिले. एजंटनं काहीच दिलं नाही, आणि फोन उचलणंही बंद केलं.

"मावशी, म्हणून मी नवीनच घेतलं," भाची म्हणाली. तिचा फ्लॅट पुनावळ्याला, बाराव्या मजल्यावर. मी तिला त्याच इंजिनिअरकडे पाठवलं, फी तिनं स्वतः भरली. नव्या घरातले दोष वेगळे असतात. तिथे काही झिजलेलं नसतं, घाईत उरकलेलं असतं. एक रुपयाचं नाणं घेऊन त्यांनी फरशी न् फरशी वाजवली, २७ पोकळ निघाल्या. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं तर ते जाळीकडे न जाता दाराकडे आलं. डीबीत, म्हणजे विजेच्या मुख्य बॉक्समध्ये, विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा ब्रेकर बसवलेला होता, पण टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडलाच नाही. हॉलमध्ये आरसीसी कॉलम आणि ब्लॉकची भिंत जिथे मिळतात तिथे केसाएवढी उभी भेग. त्या जोडावर गिलाव्याआधी जाळी मारावी लागते, नाहीतर हमखास चिरते.

साइटवरचा माणूस म्हणत होता, "ताई, पझेशन लेटरवर सही करा, मग टीम पाठवतो." भाचीनं यादी लेखी दिली आणि काम झाल्यावरच सही केली. तीन आठवडे लागले. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला तर आपण कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरनं तो फुकट दुरुस्त करून द्यायचा, हे रेरा या बिल्डरांसाठीच्या कायद्यात आहेच. पण पोकळ फरशी सामान ठेवल्यावर फुटली की "तुम्हीच काही तरी आपटलं असेल" हे ऐकावं लागतं. सहीच्या आधीची यादी असली की तो वाद होत नाही.

हॉलमधली भेग मात्र बिल्डरच्या माणसांनी जाळी न मारता नुसती भरली. इंजिनिअरनं भाचीला तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख लिहायला सांगितलं होतं. मागच्या रविवारी मी गेले होते तेव्हा पाहिलं, वरचं टोक रेघेच्या दोन बोटं पुढे गेलं आहे. तिनं फोटो काढून सोमवारी स्पीड पोस्टानं तक्रार धाडली आहे, पोचपावती फाइलला लावली आहे.