पेंटेलचा पॉकेट ब्रश पेन आणि मालवणचा पावसाळा

दोन वर्षं वापरतोय, म्हणून खात्रीने सांगतो: कॉमिक काढत असाल तर घ्याच. याचं टोक स्केचपेनासारखं टणक नाही, ब्रशसारखे नायलॉनचे केस आहेत. बांगड्याच्या पाठीवरचे लांब पट्टे काढून बघा. टेकवला की केसाएवढी रेघ, दाबला की जाड, उचलला की परत बारीक, सगळं एका फटक्यात! आमच्याकडे जुलैत कागद इतका सर्द होतो की टाकाचं निब त्यात रुततं आणि शाई फुटते. ब्रश अलगद सरकतो.

शाई पिगमेंटची. सुकली की वर जलरंग लावला तरी हलत नाही. सुकू मात्र द्या. बंदरातल्या होड्यांचं अख्खं पान मी घाईत हाताने फराटलं, अजून हळहळ वाटते. आता पान आधी पंख्याखाली ठेवतो.

कौलांच्या बारीक रेघांना हा चालत नाही, तिथे साधा ०.३ मिमीचा पेन घेतो.

सरावाला मी अमेरिकन कॉमिक्समधले शाईकार जो सिनॉट यांचं काम गिरवतो. १९६५पासून 'फॅन्टास्टिक फोर' या कॉमिकमध्ये चित्रकार जॅक कर्बींच्या पेन्सिलीवर सिनॉटनी चढवलेली शाई बघा, लोखंड खरंच चकाकतं. माझ्या मनातली जोडी वेगळीच आहे: पेन्सिल आपल्या प्रताप मुळीकांची, शाई सिनॉटची. 'अमर चित्र कथा'तले मुळीकांचे ते पीळदार देह आणि त्यावर ही घोटीव रेघ! असं एक तरी पान बघायला मिळायला हवं होतं.

शाईच्या नळ्या पावसाआधीच जास्तीच्या मागवून ठेवा.