सीवूड्सचा मॉल : गाडी घरी ठेवा, लोकलने जा

नवी मुंबईत मॉल कमी नाहीत. पण घरात गुडघे दुखणारं म्हातारं माणूस असेल आणि तुम्ही हार्बर किंवा उरण मार्गावर राहत असाल, तर मी सीवूड्सच्या मॉलचंच नाव घेईन. कारण एकच, तो स्टेशनवर बांधलेला आहे. खाली रूळ, वर दुकानं. गाडीतून उतरलं की ऊन, पाऊस, रिक्षावाल्याशी घासाघीस, रस्ता ओलांडणं यातलं काही मध्ये येत नाही.

आमचं मूळ गाव वहाळ. आता राहतो उलव्यात, साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर, म्हणजे नवी मुंबईसाठी गेलेल्या शेतजमिनीच्या बदल्यात परत मिळालेल्या साडेबारा टक्के जागेवर, उभ्या राहिलेल्या इमारतीत. पूर्वी घरात लग्न निघालं की खरेदीसाठी आम्र मार्गाने बस धरून नेरूळ नाहीतर बेलापूर गाठायचं, आणि येताना दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभ्याने यायचं. नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये ती उरणला पोचली, आणि आमच्या बाजूच्या बायकांचं फिरणंच बदललं. आमच्या उलव्याच्या बामणडोंगरी स्टेशनला गाडीत बसा, पनवेलची खाडी ओलांडा, सीवूड्स आलंच. मात्र चढताना पाटी बघा. उरणहून येणाऱ्या काही गाड्या बेलापूरला जातात, त्या सीवूड्सला येत नाहीत. आपल्याला हवी नेरूळची.

स्टेशनवर बाजार बसवायचा हा विचार इथे जुना आहे. सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, इथे रेल्वे आणली तेव्हा खर्चाचा ६७ टक्के भार स्वतः उचलला आणि स्टेशनांच्या आवारात व्यापारी बांधकाम केलं. वाशी स्टेशनवर आयटीवाल्यांची कार्यालयं आहेत ती त्यातलीच. सीवूड्सला मात्र बरीच वर्षं साधंच स्टेशन होतं. मग सुमारे ४० एकर जागा एल अँड टीने विकसित केली, रुळांच्या वर आणि बाजूला मॉल आणि कार्यालयं उभी केली. मॉल २०१७ मध्ये सुरू झाला. आता पाटीवर नेक्सस सीवूड्स असं नाव आहे.

मी आयला, म्हणजे माझ्या आईला, घेऊन जाते. ती पंचाहत्तरीच्या पुढे आहे. सरकत्या जिन्यावर ती पाय ठेवत नाही, म्हणून आम्ही लिफ्टनेच जातो. वर पोचल्यावर ती आधी थोडा वेळ बसते आणि येणारी-जाणारी माणसं बघते. "सगला थंडगार हाय," एवढंच म्हणते, पण मे महिन्यात तिच्यासाठी तेवढं पुरेसं असतं. तिला कुणी "काय घ्यायचंय?" असं विचारत नाही. काही न घेता तासभर बसलं तरी चालतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खरेदीचं म्हणाल तर मुलांचे कपडे, बूट, ऑफिसचे कुर्ते, हे इथे एका फेरीत होतं. लाइफस्टाइल आणि एचअँडएम दोन्ही आहेत, सिनेमाला सिनेपोलिस आहे. आमच्या आयांना लागतं ते लुगडं इथे शोधू नका, त्याला पनवेलचा बाजारच गाठावा लागतो. खाण्याचे भाव मॉलचे असतात तसेच आहेत. चौघं असाल तर दोन-तीन पदार्थ मागवून वाटून खाल्लेले परवडतात.

बुटांच्या एका दुकानात मात्र मला राग आला. बिल करणारा मुलगा मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिलच काढेना. "सिस्टिम पुढे जात नाही मॅडम," हे एकच वाक्य. नंबरासाठी ग्राहकाची अडवणूक करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलेलं आहे. मी तेच शांतपणे सांगितलं आणि मॅनेजरला बोलवायला लावलं. बिल निघालं, नंबराशिवाय. तुम्हीही देऊ नका. आणि घरून कापडी पिशवी न्या, बऱ्याच दुकानांत पिशवीचे वेगळे पैसे लावतात.

या मॉलबद्दल मी इतकं आपुलकीने लिहिते त्याला आणखी एक कारण आहे. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. त्या जमिनींच्या योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात पोलिसांचा गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. आयच्या पिढीने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे त्या जमिनीवर जे उभं राहतं तिथे गावातल्या म्हाताऱ्या बाईला लोकलच्या तिकिटात, कुणाच्या मदतीशिवाय पोचता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. इथे ते जमतं. शहरातल्या पुढच्या प्रत्येक स्टेशनवर असंच बांधावं, आणि वर लुगड्याच्या, सुक्या मासळीच्या गाळ्यांनाही जागा ठेवावी.

शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा, गणपती-दिवाळीच्या तोंडावर तर नकोच. मधल्या वारी दुकानं उघडतानाच पोचलात तर लिफ्टला रांग नसते आणि विक्रेते नीट लक्ष देतात. उरण मार्गावर गाड्यांमध्ये अंतर बरंच असतं, म्हणून परतीची वेळ मोबाइलवर आधीच बघून ठेवा आणि गाडीच्या दहा मिनिटं आधी खाली उतरा.