हेड घासून ॲव्हरेज वाढवून देणाऱ्यांपासून सावध

जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी अजून जपून चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्या खालची सील) उडाली की मेकॅनिक सांगतो, ‘हेड बेंड झालंय, फेसिंग करावं लागेल.’ यात खोटं काही नसतं. ॲल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की वाकतं आणि मशिनवर त्याचा तळ पुन्हा सपाट करून घेणं हे रीतसर काम आहे. लबाडी असते ती त्यापुढच्या वाक्यात.

माझी कार्ब्युरेटरवाली ओम्नी खंबाटकी घाटात तापली. पाण्याचा होस फुटला होता. ओढून महामार्गालगतच्या एका गॅरेजात नेली. हेड उतरवल्यावर मालक म्हणाला, ‘साहेब, नुसतं फेसिंग कशाला? जरा जास्त कट मारतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण दाबलं जाणं) वाढेल, पिकअप येईल, लिटरमागे तीन किलोमीटर जादा मिळतील.’ त्याचे वेगळे अडीच हजार. मी नको म्हणालो. सपाट होईल एवढंच घासा, आणि आधी किती वाकलंय ते पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) दाखवा, असं सांगितलं. ‘आमच्या डोळ्याला कळतं,’ हे उत्तर. गाडी घ्यायला गेलो तेव्हा बिलात ‘हेड काम स्पेशल’ या नावाने अडीच हजार लावलेलेच होते. पैसे दिल्याशिवाय किल्ली मिळेना.

सपाट रस्त्यावर गाडी खरंच तरतरीत वाटली. घाटात माणसं आणि सामान भरून चढवायला लागल्यावर मात्र इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. हे नॉकिंग. परत नेली तर म्हणे पेट्रोलमध्ये भेसळ आहे. मग त्याने डिस्ट्रिब्युटर फिरवून इग्निशन मागे घेतलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं केलं. आवाज गेला आणि त्याबरोबर पिकअपही गेला. ॲव्हरेज पूर्वीपेक्षा खाली आलं. यावर त्याचा उपाय काय, तर एकावर एक दोन गॅस्केट टाकू! त्याचे पैसे अर्थातच निराळे.

शेवटी हेड उतरवून कोल्हापूरला उद्यमनगरातल्या एका जुन्या टर्नरकडे नेलं. त्यांनी त्याच मॉडेलचं न घासलेलं हेड शेजारी ठेवलं आणि व्हर्नियर लावला. आमचं हेड १.४ मिलिमीटर कमी भरलं. मग दोन्ही हेडांच्या चेंबरवर (हेडच्या तळातल्या, मिश्रण जळतं त्या खळग्यांवर) काचेची पट्टी ठेवून सिरिंजने केरोसीन भरून मोजलं. प्रत्येक चेंबर साधारण ४ सीसीने लहान झालं होतं.

आता हिशेब बघा, त्यातच सगळं उघडं पडतं. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ७२, म्हणजे एका सिलिंडरमध्ये पिस्टन सुमारे २६५ सीसी जागा झाडतो. मूळ कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, ८.७. म्हणजे पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी जागा (चेंबर, गॅस्केटची जाडी सगळं धरून) साधारण ३४.५ सीसी. त्यातले ४ गेले, उरले ३०.५. रेशो झाला ९.७. जागा मुळातच इतकी थोडी, की तिच्यातले चार सीसी म्हणजे फार झाले. घाटात पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण वेळेआधी आपसूक पेटू लागलं ते यामुळे.

आणि मिळालं काय? पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राच्या (ऑटो सायकल) पाठ्यपुस्तकी सूत्राने रेशो ८.७ वरून ९.७ ला नेला तर कार्यक्षमता जेमतेम ३ टक्क्यांनी वाढते. पंधराचं ॲव्हरेज असेल तर कागदावर साडेपंधरा. तीन किलोमीटर जादा म्हणजे २० टक्के झाले, ते कुठून येणार? नुसतं अर्धा मिलिमीटर घासलं असतं तर वाढ दीड टक्क्याच्या आतच राहिली असती, ती चालवताना कळतसुद्धा नाही.

टर्नरकाकांनी आणखी एक दाखवलं. हेड खाली आलं की कॅमशाफ्टही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या जवळ येतो, टायमिंग बेल्टच्या खुणा जुळवल्या तरी व्हॉल्व्हचं टायमिंग किंचित मागे पडतं. दोन गॅस्केटने जागा भरून निघाली असती, पण पाणी आणि ऑइल धरून ठेवायला ती जोडी भरवशाची नाही. रेसिंगवाले ठरवून हेड घासतात, पण ते पिस्टन, इग्निशन, इंधन सगळं त्याला जुळवून घेतात. भाडं मारणाऱ्या ओम्नीत ते कोण करतंय?

तेच हेड दुरुस्त होणं शक्य नव्हतं. टर्नरकाकांकडचं ते न घासलेलं जुनं हेड विकत घेतलं, सपाटी तपासून बसवलं. सुझुकीच्या मॅन्युअलप्रमाणे ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा वाक चालतो, ते त्याच्या आतच होतं, त्यामुळे घासावंच लागलं नाही. आवाज बंद.

गॅरेजवाल्याने पैसे परत द्यायला साफ नकार दिला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, पण माझ्याकडचं बिल कच्चं, त्यावर गाडीचा नंबरही नव्हता. तेव्हा हेड उतरवायच्या आधी पक्कं बिल ठरवा. फेसिंगआधीची आणि नंतरची उंची, दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये त्यावर लिहून घ्या आणि जुनी गॅस्केट मागून घ्या. ‘स्पेशल’ या शब्दासमोर रक्कम दिसली तर तिथेच विचारा, किती मिलिमीटर.