२०१२चा असेंबल्ड पीसी, नवी एसएसडी आणि ड्रायव्हरची शोधाशोध: ९ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या जूनमध्ये घरच्या जुन्या डेस्कटॉपला एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) लावली आणि विंडोज १० नव्याने टाकलं, तेव्हापासून मशीन रोज चालू आहे, म्हणून आता लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं बूट किती सेकंदात होतं एवढंच सांगितलं असतं.

मशीन २०१२चं. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरून पार्ट घेतलेले, एच६१चा मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो), आय३ २१०० प्रोसेसर, ४ जीबी रॅम. आता रॅम ८ जीबी केली. पप्पा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत (आम्ही विक्रोळीला, कन्नमवार नगरात), मेंटेनन्सच्या पावत्या, नोटिसा, मीटिंगचं इतिवृत्त सगळं याच्यावर होतं आणि त्यांना हाच कीबोर्ड, हाच मॉनिटर पाहिजे. फॉरमॅटनंतर नेट नाही, आवाज नाही, स्क्रीनवर अक्षरं ताणलेली, तेव्हा एका रिपेअरवाल्याने बघून सांगितलं की बोर्ड गेलाय, नवीन घ्या. बोर्ड ठणठणीत होता हो, फक्त ड्रायव्हर (विंडोजला एकेक पार्ट चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) नव्हते. हे मी मुद्दाम आधी सांगतोय कारण अशी किती चांगली मशीन भंगारात जात असतील.

डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली सगळ्या हार्डवेअरची यादी) उघडला तर चार ठिकाणी पिवळे त्रिकोण, म्हणजे त्यांना ड्रायव्हर नाही. एक 'एसएम बस कंट्रोलर', एक 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर', एक नेटवर्कचा, एक ऑडिओचा. नावं वाचून काहीच कळत नाही. मी आधी जे करायला नको तेच केलं, सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणारं एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं, त्याने वीसेक ड्रायव्हर जुने आहेत म्हणून दाखवलं आणि दुसऱ्या कुठल्यातरी चिपचा ऑडिओ ड्रायव्हर बसवला, त्यानंतर मशीन चालू होताना अडकायला लागलं. सिस्टम रिस्टोर पॉइंट (आधीच्या स्थितीची साठवलेली नोंद) होता म्हणून मागे जाता आलं. असली सॉफ्टवेअर्स अजिबात टाकू नका, मनापासून सांगतोय.

मग नीट पद्धत शिकलो. त्रिकोणवाल्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथे यादीतून हार्डवेअर आयडी निवडायचं. एक लांबलचक नंबर येतो, त्यात व्हेंडरचा कोड असतो आणि डिव्हाइसचा कोड असतो. व्हेंडर ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १०डीई असेल तर एनव्हिडिया. हे दोन कोड मिळाले की तुम्ही अंधारात चाचपडत नाही, नेमकी चिप कळते. माझा एसएम बसवाला त्रिकोण चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य चिपच्या) आयएनएफ पॅकेजने, म्हणजे ती चिप विंडोजला ओळखायला लावणाऱ्या फायलींनी गेला, सिंपल कम्युनिकेशन्सवाला म्हणजे इंटेलचा मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस (चिपसेटमधल्या छोट्या व्यवस्थापक प्रोसेसरशी बोलणारा भाग) निघाला. नाव एक आणि औषध भलतंच, म्हणून नावावर जाऊच नका.

बोर्डाचं नावही हवंच. कॅबिनेट न उघडता रनमध्ये जाऊन सिस्टम इन्फर्मेशन उघडलं की बेसबोर्डच्या ओळीत मिळतं. पण मी तरी उघडलंच, कारण बोर्डाच्या कोपऱ्यात रिव्हिजन नंबर छापलेला असतो आणि एकाच मॉडेलच्या दोन रिव्हिजनमध्ये लॅनची (केबलवाल्या नेटची) चिप वेगळी असू शकते.

आता मुख्य अडचण. नेटचा ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेट त्या ड्रायव्हरशिवाय येत नाही. यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे अँड्रॉइड फोन केबलने जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग चालू करायचं. आमच्या फोनला वेगळा काही ड्रायव्हर लागला नाही, विंडोज १०ने स्वतःच ओळखला आणि फोनचं नेट पीसीला मिळालं. तिथून विंडोज अपडेटने अर्ध्या गोष्टी स्वतः आणल्या. ग्राफिक्सचं म्हणाल तर सेकंड जेन प्रोसेसरमधल्या एचडी २००० ग्राफिक्ससाठी इंटेलचा विंडोज १०चा अधिकृत ड्रायव्हर नाहीये, अपडेटमधून विंडोज ८च्या काळातल्या मालिकेतलाच ९.१७ आवृत्तीवाला येतो आणि तो नीट चालतो. तो येईपर्यंत 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसतं आणि अक्षरं फताडी दिसतात, तेव्हा घाबरून मॉनिटर बदलायला धावू नका.

वायफाय डोंगलवर (यूएसबीत लावायचा वायफायचा तुकडा) मी अख्खा रविवार घालवला. राउटर बाहेरच्या खोलीत, पीसी आतल्या, केबल टाकायला आईचा ठाम नकार, म्हणून सातशेचा एक छोटा डोंगल घेतला. लावला तर वायफाय दिसेना, पण 'धिस पीसी'मध्ये एक सीडी ड्राइव्ह दिसायला लागला. आमच्या मशीनचा डीव्हीडी रायटर कधीचाच बंद आहे त्यामुळे मला वाटलं तोच काहीतरी नाटक करतोय, दुर्लक्ष केलं आणि डोंगल परत करायला दुकानात जायची तयारी पण केली. खरं काय होतं, की तो सीडी ड्राइव्ह म्हणजेच डोंगल. या डोंगलच्या पोटातच ड्रायव्हर ठेवलेला असतो आणि पहिल्यांदा तो स्वतःला सीडी म्हणून दाखवतो, ती उघडून सेटअप चालवला की मग तो वायफाय म्हणून परत जोडला जातो. हे खोक्यावर एका ओळीत लिहिलं असतं तर माझा रविवार वाचला असता. आतली चिप रिअलटेकची ८८११सीयू आहे, हे पण आयडीवरूनच कळलं, खोक्यावर फक्त स्पीड लिहिलेला.

मग पुढचे दोन आठवडे नेट मध्येच तुटायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, तिथे वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायची परवानगी दिलेली असते, ती टिक काढली. आणि डोंगल पुढच्या पोर्टातून काढून मागे, थेट बोर्डावरच्या पोर्टात एक्स्टेंशन केबल लावून लोखंडी कपाटाच्या वर ठेवला. कपाटाच्या मागे सिग्नल मरत होता. तेव्हापासून तक्रार नाही.

प्रिंटरची गोष्ट वेगळी. जुना लेसर, त्याच्या सीडीवर ३२ बिटचा ड्रायव्हर आणि आता विंडोज ६४ बिटचं, ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटवर चालतच नाही, कितीही वेळा सेटअप मारा. कंपनीच्या साइटवर ६४ बिटचा मिळाला आणि बसला. पण दर महिन्याच्या सुरुवातीला, नेमकं पावत्या काढायच्या दिवशी, पप्पांची हाक यायची, "अरे, पावती निघत नाहीये, बघ जरा." कारण झाडू मारताना केबल निघायची आणि परत लावताना वेगळ्या पोर्टात जायची, मग विंडोज तो नवीन प्रिंटर समजून 'कॉपी १' करून बसवायचं आणि पप्पा जुन्या नावावर प्रिंट देत राहायचे. आईने त्या पोर्टाच्या बाजूला आपली लाल टिकली चिकटवली, "टिकलीवाल्यातच घाला" म्हणाली, आणि प्रश्न मिटला. जास्तीचे 'कॉपी' प्रिंटर मी काढून टाकले.

अजून एक विचित्र त्रास होता, शटडाउन करून सकाळी चालू केलं की कधीकधी प्रिंटर गायब, रीस्टार्ट केलं की हजर. याचं कारण फास्ट स्टार्टअप. त्यात शटडाउन पूर्ण होत नाही, सिस्टमचा आणि ड्रायव्हरचा भाग डिस्कवर जसाच्या तसा साठवून ठेवतात आणि सकाळी तोच उचलतात, रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. पॉवर ऑप्शन्समधून ते बंद केलं. एसएसडी असल्यामुळे बूटला फरक जाणवला नाही.

सगळ्यात जास्त धास्ती बसली ती जुलैत. बिल्डिंगमध्ये वायरिंगचं काम म्हणून दिवसभर मेन स्विच बंद होता, दुसऱ्या दिवशी चालू केलं तर निळी स्क्रीन, बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून. वर्षभराच्या पावत्यांचा हिशोब त्यात, बॅकअप तीन आठवडे जुना, पप्पा काही बोलले नाहीत पण शेजारी खुर्ची घेऊन बसून राहिले. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) गेलो तर तारीखच कुठल्या कुठे गेलेली, तेव्हा लक्षात आलं की बोर्डावरचा सेल संपलाय. सेल संपला आणि वीज पण गेली की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात, आमच्या बोर्डाचं मूळपद म्हणजे साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आयडीई, म्हणजे जुनी पद्धत, आणि विंडोज टाकलेलं एएचसीआय या नव्या पद्धतीवर. मोड परत एएचसीआय केला, मशीन चालू, सगळ्या फायली जागेवर. स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडून २०३२ नंबरचा सेल आणून बसवला. जुन्या पीसीची तारीख चुकलेली दिसली की आधी हा सेल बदला, तारीख चुकीची असली तर साइट्स पण सर्टिफिकेटची चूक दाखवून उघडत नाहीत आणि माणूस नेटला दोष देत बसतो.

आता सगळे चालते ड्रायव्हर पीएनपीयूटिल या विंडोजमधल्याच टूलच्या एक्स्पोर्ट कमांडने काढून पेन ड्राइव्हवर ठेवलेत, आणि चारही हार्डवेअर आयडी पप्पांच्या सोसायटीच्या डायरीत शेवटच्या पानावर लिहिलेत.

मर्यादा आहेत. या ग्राफिक्सला व्हीपी९ (यूट्यूब वापरतं तो प्रकार) व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडता येत नाही, म्हणून यूट्यूब ७२०च्या वर नेलं की प्रोसेसर धापा टाकतो. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते या मशीनला कधी मिळणार नाही. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली आहे, ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. त्यानंतरसाठी गेल्या रविवारी पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम) चालवून बघितलं, आवाज आला, डोंगलने काही न टाकता वायफाय पकडलं. प्रिंटर अजून बोलत नाहीये, तो या रविवारी घेणार आहे.