रूट केलेल्या फोनवर पीएस४: गच्चीवरचे आठ महिने

आमच्या घरात टीव्ही एकच, आणि संध्याकाळी सात ते दहा तो आईचा. पीएस४, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ४ गेम कन्सोल, त्याच टीव्हीखाली. दहानंतर खेळायला बसावं तर सकाळी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत पहिली शिफ्ट. दिवाळीनंतर डोक्यात आलं, कन्सोल खाली चालू दे, चित्र फोनवर घेऊ. आता जून लागलाय. अधूनमधून शिव्या घातल्या, पण वापर सुटला नाही.

फोन २०२० सालचा. अपडेट यायचे बंद झाले तेव्हा बूटलोडर (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप) उघडून लिनिएजओएस ही अँड्रॉइडचीच मुक्त आवृत्ती टाकली आणि मॅजिस्क या साधनाने रूट केलं, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा स्वतःकडे घेतला. कन्सोलचा गेम फोनवर आणणाऱ्या सोनीच्या अधिकृत रिमोट प्ले ॲपने रूट ओळखलं आणि मला दारातूनच परत पाठवलं. ॲप मॅजिस्कच्या डिनायलिस्टमध्ये (ज्यांच्यापासून रूट लपवायचं त्या ॲपांची यादी) घातलं, झायगिस्क या मॅजिस्कच्याच सोयीवरची एक-दोन मॉड्यूल लावली. एकदा चाललंही, पण पुढच्या अपडेटला पुन्हा जैसे थे. बरं, यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ सांगतात ते मॅजिस्क हाइड (रूट लपवायची जुनी सोय) २०२२ मध्ये २४ व्या आवृत्तीतच काढून टाकलंय, त्यामुळे ते शोधत बसू नका. हा लपंडाव मी दोन रविवार खेळलो आणि सोडून दिला.

मग चियाकी घेतलं. रिमोट प्लेचंच काम करणारं मुक्त स्रोत ॲप आहे, रूट आहे की नाही हे विचारतच नाही. जोडणी एकदाच करायची. कन्सोलच्या सेटिंगमध्ये रिमोट प्लेखाली आठ आकडी पिन मिळतो, तो ॲपमध्ये टाकायचा. अडकायला होतं ते अकाउंट आयडीपाशी. कन्सोलचं सॉफ्टवेअर ७.० किंवा पुढचं असेल तर तुमचं ऑनलाइन नाव चालत नाही, खात्याचा आकडी आयडी बेस६४ मध्ये (आकडे अक्षरांत लिहायची एक पद्धत) लागतो. तो काढायची छोटी पायथन स्क्रिप्ट आहे. माझा अर्धा तास त्यातच गेला, कारण मी शेवटचं बरोबरचं (=) चिन्ह कॉपी करायला विसरत होतो.

मित्र अजून विचारतात, "रूट फोनवर चालतंय का बे?" चालतंय की. रूटचं दुखणं एवढंच होतं. खरी कटकट निघाली आमच्या घराच्या स्लॅबची.

माझा पीएस४ पहिल्या पिढीचा, त्याच्या वायफायला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. फोनही त्याच पट्ट्यावर, शेजारच्या चार घरांचे राउटरही त्याच पट्ट्यावर. चित्र दर मिनिटाला चौकोन चौकोन व्हायचं. नव्या पेठेतून वीस मीटर लॅन केबल आणली, कन्सोल थेट राउटरला जोडला, आणि निम्मा त्रास त्याच दिवशी संपला. तुम्ही दुसरं काहीही करा किंवा करू नका, ही वायर आधी ओढा. उरलेला त्रास गच्चीचा होता. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो. फोन मोकळ्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्यावा, तर ती लहर आरसीसी स्लॅबपुढे हात टेकते. जुना राउटर पडून होता, तो ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुढे पसरवणारा) करून जिन्याच्या वरच्या वळणावर टांगला. तेव्हापासून ७२० पी, ६० फ्रेम, बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) ८,००० किलोबिट. साध्या पीएस४ वरून ७२० पीच्या वर चित्र मिळतच नाही, म्हणून १०८० साठी धडपडू नका. साडेसहा इंची पडद्यावर मला फरक जाणवला नाही. फक्त बारीक अक्षरांच्या गेममध्ये डोळे ताणावे लागतात.

कंट्रोलर कन्सोलचाच. अँड्रॉइड १० पासून हा ड्युअलशॉक ४ ब्लूटूथवर सरळ जोडला जातो. पण फोन २.४ च्या वायफायवर असेल तर ब्लूटूथ आणि वायफाय एकमेकांच्या अंगावर येतात आणि बटण उशिरा लागतं. नाइलाज असेल तर ओटीजी केबलने कंट्रोलर वायरनेच फोनला जोडा. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' निवांत खेळून झाला. क्रिकेटमध्ये मात्र वेगवान बॉलरसमोर माझं टायमिंग कायम अर्ध्या क्षणाने चुकतं. तो गेम मी टीव्हीवरच खेळतो.

आता आईचं प्रकरण. पहिल्याच आठवड्यात मी गच्चीवरून कन्सोल जागा केला आणि खालून हाक आली, "काय करायलास रे तिकडं? माझी मालिका गेली की!" धावत खाली आलो तर टीव्हीवर पीएस४ चा निळा पडदा, आणि आई रिमोट हातात घेऊन माझ्याकडे अशी बघतेय की बस्स. कन्सोल जागा झाला की एचडीएमआयमधून टीव्हीला स्वतःकडे ओढून घेतो. सिस्टिम सेटिंगमधलं 'एचडीएमआय डिव्हाइस लिंक' बंद केलं की झालं. जोडणीच्या आधी हे करा, घरात शांतता राहील.

लाइट गेली तर वेगळी गंमत. राउटरला छोटा यूपीएस लावलाय, कन्सोलला नाही. रेस्ट मोडमध्ये (अर्धवट झोपेत) असताना वीज गेली की कन्सोल पूर्ण बंद होतो, आणि वीज आली तरी लांबून जागा करता येत नाही. कोणीतरी जाऊन बटणच दाबावं लागतं. पुण्यात बहिणीकडे असताना हेच झालं. बाबांना फोनवर बटण कुठलं ते समजावून सांगताना त्यांनी आधी सेटटॉप बॉक्स बंद केला.

पुण्याहून खेळायचं तर आणखी एक अडचण. आमचा केबलवाला सीजीनॅटमागचा आयपी देतो, म्हणजे अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता, म्हणून राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नाही. घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर टेलस्केल हे व्हीपीएन टाकून घरचं नेटवर्क फोनपर्यंत आणलं, मग जमलं. (अधिकृत ॲपला हा खटाटोप लागत नाही, हे मान्य.) पण मोबाइल डेटावर या बिटरेटला तासाला साडेतीन जीबीच्या वर जातात. रोजचा २ जीबीचा पॅक अर्ध्या तासात खलास. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये एकदा हौस केली, पुन्हा नाही.

रूटचा खरा फायदा मला एप्रिल-मेमध्ये कळला. पारा बेचाळीसला, रात्री नऊलाही गच्चीची फरशी पायाला चटके देते. चार्जिंग लावून खेळलं की फोन तापतो, पडदा आपोआप मंद होतो आणि फ्रेम तुटायला लागतात. रूट असल्यामुळे एसीसी हे चार्जिंगवर ताबा ठेवणारं साधन टाकता आलं. बॅटरी साठ टक्क्यांवर चार्जिंग थांबवतो, वायर लावलेली असली तरी. फोन कोमट राहतो. बाकी यूपीआय आणि बँकेची ॲप दुसऱ्या साध्या फोनवर ठेवलीत. एकाच फोनवर दोन्ही संसार करायची माझी तयारी नाही.

परवा पहिला पाऊस झाला आणि गच्ची बंद पडली. सध्या मी जिन्याच्या वरच्या पायरीवर, टांगलेल्या राउटरच्या बरोबर खाली बसतो. चित्र इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. फक्त कपडे वाळत घालायला येणाऱ्या प्रत्येकाला वाट देण्यासाठी गेम पॉज करून उठावं लागतं.