गाड्यांच्या फेऱ्या आखायला ओआर-टूल्स, व्रूम की पायव्हीआरपी?

एक गाडी आणि वीस थांबे. एवढ्याचेच सगळे क्रम मोजायला गेलं तर २४ वर सतरा शून्यं इतकी संख्या होते. डान्ट्झिग आणि रामसर यांनी १९५९ मध्ये पेट्रोलच्या टँकरसाठी हा प्रश्न मांडला, तेव्हापासून सगळे 'पुरेसं चांगलं' उत्तर लवकर कसं काढायचं यामागेच आहेत. ही तिन्ही साधनं तेच करतात, आणि तिन्ही मुक्त स्रोत आहेत.

व्रूमला जेसन (माहिती मांडायचा एक साधा मजकुरी साचा) द्यायचं, उत्तरही जेसनमध्येच घ्यायचं. थांबे, गाड्यांची क्षमता, वेळेची मर्यादा, चालकाची विश्रांती, एकीकडून उचलून दुसरीकडे पोचवणं, हे सगळं त्यात आहे. शंभरेक थांब्यांचं उत्तर बहुधा डोळ्याची पापणी लवते न लवते तोच येतं. जो थांबा बसत नाही तो वेगळ्या यादीत टाकून उरलेली फेरी हातात देतं. दिवसभर ऑर्डरी बदलत असतील तर याची किंमत कळते. पण 'हा माल त्या मालासोबत नको' असा काही घरचा नियम आला, की ते ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय ती सी++ उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

असे नियम घालायला ओआर-टूल्स. गूगलच्या या लायब्ररीत (आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडच्या संचात) जवळपास काहीही मांडता येतं, आणि त्रासही तिथेच सुरू होतो. सगळे थांबे बसणारं उत्तर सापडलं नाही तर ते रिकाम्या हाताने परत येतं, कारण सांगत नाही. थांबा दंड भरून गाळण्याची मुभा आपणच द्यावी लागते. गाइडेड लोकल सर्च (हाती आलेलं उत्तर थोडं थोडं बदलत सुधारत राहणारा शोध) चालू करून वेळेची मर्यादा घालायला विसरलात तर प्रोग्रॅम थांबतच नाही. (मीही एकदा चहा घेऊन परत आलो, तरी चालूच!) आणि नुसते मूळ पर्याय वापरून 'उत्तर सुमार आहे' म्हणणाऱ्यांनी हा शोध चालूच केलेला नसतो.

पायव्हीआरपी वापरायला पायथन, आतून सी++. क्षमता आणि वेळ यांच्या नेहमीच्या चौकटीत तुमचा प्रश्न बसत असेल, आणि आखणी आदल्या रात्री होत असेल, तर मी आधी हेच लावून बघेन. वेळ द्याल तसं उत्तर सुधारत जातं.

थोडक्यात, नियम विचित्र असतील तर ओआर-टूल्स, घाई असेल तर व्रूम, रात्र हाताशी असेल तर पायव्हीआरपी. प्रत्येक ठिकाणापासून दुसऱ्या प्रत्येक ठिकाणापर्यंतच्या अंतराच्या तक्त्याचं मात्र आधी बघा. हजार ठिकाणं म्हणजे दहा लाख नोंदी, आणि एकेरी रस्त्यांमुळे जातानाचं अंतर येतानाच्या अंतराइतकं नसतं. व्रूम हा तक्ता ओएसआरएम किंवा व्हॅल्हाला या रस्ते शोधणाऱ्या प्रणालींकडून स्वतः मागवतं. बाकी दोघांसाठी तो तुम्हीच तयार करायचा, तोही पूर्णांकात.