न आलेले आणि अचानक आलेले: ओपीडीच्या वेळा कशा लावाव्यात?

डॉक्टर एक, वेळ चार तास, दहा मिनिटांना एक पेशंट: म्हणजे २४ जागा. समजा त्यातले तिघे आलेच नाहीत आणि तिघे न कळवता दारात उभे राहिले. हिशेब जुळला असं वाटतं, पण जुळत नाही. न येणारा साडेदहाचा असतो आणि तापाने फणफणलेलं मूल सव्वाबाराला येतं.

येईल तसा नंबर, ही पद्धत सर्वांत सोपी. न येणाऱ्यांचा प्रश्नच उरत नाही. पण गुडघे धरलेल्या आजींनी साडेआठला नंबर लावून साडेअकरापर्यंत बाकावर बसायचं, हे मला पटत नाही.

एकेका वेळेला दोघांना बोलावलं, तर डॉक्टर रिकामे बसत नाहीत. इंग्लंडमध्ये बेली आणि वेल्च या संशोधकांनी १९५२ मध्येच सुचवलं होतं, की सुरुवातीला दोघांना बोलवा, पुढे एकेकाला. तेवढं जरूर करावं. दिवसभर जोड्या लावल्या, तर मात्र डेंग्यूच्या दिवसांतल्या एखाद्या सोमवारी सगळेच येतात, वर तातडीचेही येतात, आणि दुपारी दोनच्या पेशंटला साडेतीन वाजतात.

म्हणून मी तिसरी पद्धत निवडेन: २४ पैकी तीन-चार जागा त्या दिवशी सकाळपर्यंत कोणालाही द्यायच्या नाहीत, आणि त्या सत्रभर विखरून ठेवायच्या. अचानक कोणी आलं नाही, तर रिपोर्ट दाखवायला आलेले तिथे बसतात. जागा नेमक्या किती, हे दोन आठवडे वारानुसार वहीत टिपून ठरवा. सोमवार आणि गुरुवार सारखे नसतात.

छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, झटका (फिट) येणं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप यांना जागा शोधायचीच नाही, थेट आत घ्यायचं. रिसेप्शनवर ही यादी चिकटवलेली हवी. छातीत दुखत असेल तर दहा मिनिटांत ईसीजी. तशी सोय नसेल तर लगेच १०८.

गैरहजेरी कमी करायची, तर तारीख जवळची द्या. तीन आठवड्यांनंतरची वेळ विसरली जाते. आदल्या दिवशीच्या मेसेजने फरक पडतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. तो मराठीत असावा, ‘येणार नाही’ कळवायची सोय असावी. आणि फोन नंबर लिहून घेताना पेशंटला घेऊन येणाऱ्याचा घ्या. फोन बहुतेक वेळा मुलाच्या खिशात, कामावर असतो. आगाऊ फी घेण्याचा मार्गही आहे, पण ज्याचा खाडा म्हणजे रोजगार बुडणं, त्याच्याकडून ती घेऊ नये.